पाटीवर नांव कारागिराचें, उताऱ्यावर कोणाचें?

अंबाबाईचें दर्शन घेऊन खेड्यांतला माणूस महाद्वारांतून बाहेर पडला कीं त्याच्या पायांखालीं जो रस्ता येतो तो कोल्हापूरचा महाद्वार रोड. जवळच गुजरी, पलीकडे पापाची तिकटी, देवळाच्या दुसऱ्या अंगाला भवानी मंडप, तेथून पुढें भाऊसिंगजी रोड, आणि त्याच आसपास चपलांच्या दुकानांची ओळ, जिला सारें गांव चप्पल लाईन म्हणतें. आमच्या जिल्ह्याचा खरा बाजार हाच. लग्नाचा बस्ता, लेकीचें डोरलें, म्हाताऱ्याचें पायताण, देव्हाऱ्यांतली घंटा, हें सारें आमच्या तीन-चार पिढ्यांनीं येथेंच घेतलें. आणि ज्यांनीं तें घडविलें ते चांभार, सोनार, तांबट, शिंपीहि आमचेच. पण या रस्त्याचा मालक कोण, हा प्रश्न आमच्यांतल्या फारच थोड्यांनीं विचारला. आतां तो विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं, म्हणून आम्ही तो आज विचारतों.

कारण असें. ६ मे २०२५ रोजीं चौंडी येथें राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. तींत अनेक तीर्थक्षेत्रांच्या विकास आराखड्यांना मंजुरी मिळाली, आणि त्यांत कोल्हापूरच्या देवळाचा आराखडा सुमारें १,४४५ कोटी रुपयांचा आहे. देवळाभोंवतीं जागा मोकळी करावयाची म्हणजे ती कोणाची तरी घ्यावयाची, हें सांगावयास ज्योतिषी नको. भाविकांची सोय होऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. नवरात्रांत कडेवर लेंकरूं घेऊन बाई रांगेंत तासन्‌तास उभी राहते, तिला बसावयास जागा नाहीं, तिला जावयास धड शौचकूप नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. देवळाभोंवतीं चार हात मोकळे झाले तर तिचे हाल कमी होतील. आमचा सवाल वेगळाच आहे. ज्या दिवशीं साहेबाचें टेबल रस्त्यावर मांडलें जाईल, त्या दिवशीं घरमालक मिळकत पत्रिका घेऊन येईल, भाडेकरू पावतीपुस्तक घेऊन येईल, कंपनी आपला वकील पाठवील. आणि आमचा चांभार काय घेऊन येईल? रापी आणि आरी. रापीला कोणी साहेब पुरावा म्हणेल काय?

यावर कांहीं शहाणे लोक आमची समजूत घालतात. ते म्हणतात, "अहो, दुकानें बदलायचींच. हा काळाचा महिमा. तांब्यापितळेचीं भांडीं गेलीं, स्टेनलेस आलें. स्टेनलेसच्या शेजारीं प्लॅस्टिक आलें. शिंप्याचें मशीन गेलें, तयार कपडे आले. घड्याळजी गेला, मोबाईलवाला आला. त्यांत रडण्यासारखें काय आहे?" आम्ही रडत नाहीं. माल बदलतो तो काळानें बदलतो, हें आम्हांलाहि समजतें. आमच्या घरांतहि आतां पितळेची घागर माळ्यावर आहे आणि पाणी प्लॅस्टिकच्या पिंपांत आहे. पण या शहाण्यांस आम्ही एकच विचारतों. पितळेचा व्यापारी स्टेनलेसचा व्यापारी झाला, स्टेनलेसचा मिक्सर-कुकरचा झाला, त्याचा मुलगा त्याच गाळ्यांत मोबाईल विकूं लागला. गाळा तोच, गादी तीच, फोटोंतले आजोबाहि तेच. मग तांबट तेवढा कोठें गेला? काळ दोघांनाहि आला होता. एकाला तो पायरी झाला आणि दुसऱ्याला खड्डा झाला, हें काळाचें काम कीं आणखी कोणाचें? ज्याच्या हातीं जागा आहे तो पाहिजे तेव्हां माल बदलतो. ज्याच्या हातीं फक्त कसब आहे, त्याचा माल गेला कीं तो रस्त्याबाहेर जातो, आणि बहुधा हमाली करावयास त्याच रस्त्यावर परत येतो.

पेठ रानांतल्या गवताप्रमाणें आपोआप उगवते, असा एक समज पसरविलेला आहे. तो खोटा आहे. १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरीची पेठ वसविली. जागा आंखून दिली, व्यापाऱ्यांना बोलावून आणलें, आणि कोल्हापूरचा गूळ देशभर गेला. म्हणजे कोणी कोठें बसावें, कोणाला ओटा मिळावा, हें राज्यकर्त्यानें ठरविल्यानें ठरतें. पुढें गुळाचे सौदे मार्केट यार्डांत गेले, हेंहि कोणीं तरी ठरविलें म्हणूनच. (शेतकऱ्याचा गूळ तेव्हांहि दुसऱ्याच्या तराजूवर चढत होता आणि आजहि चढतो, पण तें रडगाणें दुसऱ्या अंकीं.)

याच महाराजांची दुसरी गोष्ट आमच्या वाचकांनीं ऐकलेली असेल. तरी ती आज दुकानाच्या बाजूनें पुन्हां वाचली पाहिजे. गंगाराम कांबळे हा सरकारी पागेंतला नोकर. स्पृश्यांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला पागेंतल्याच नोकरांनीं बेदम मारलें. महाराजांनीं मारणारांस शिक्षा केली आणि गंगारामास धंदा काढावयास पैसे दिले. त्यानें भाऊसिंगजी रोडवर चहाचें दुकान काढलें, त्याचें नांव सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास गावांत कोण जाणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तेथें चहा घेऊं लागले, आणि बरोबरच्या थोरामोठ्यांनाहि घ्यावयास लावूं लागले. आमचे व्याख्याते ही गोष्ट सांगतांना महाराजांच्या मोठ्या मनाचें कौतुक करतात आणि खालीं बसतात. मन मोठें होतेंच. पण दिलें काय तें पाहा! नुसता धीर दिला नाहीं, मागल्या गल्लींत कोपरा दिला नाहीं. गांवच्या मुख्य रस्त्यावर दुकान उभें करून दिलें, आणि वर पहिलें गिऱ्हाईक स्वतः झाले. जागा, भांडवल आणि गिऱ्हाईक, या तिन्ही गोष्टी एकदम दिल्यावांचून खालचा माणूस रस्त्यावर टिकत नाहीं, हें त्या राजाला समजलें होतें. आजच्या योजनांत कर्ज मिळतें, प्रशिक्षणाचें प्रमाणपत्र मिळतें, पाहुण्यांच्या हस्ते शिवणयंत्राचा फोटो मिळतो; मुख्य रस्त्यावरची जागा तेवढी मिळत नाहीं. आणि गंगारामाला मारणारे हात भटजीचे नव्हते, ते मराठ्यांचे होते, हेंहि आपण विसरूं नये. त्याकडे आम्ही पुढें येणार आहों.

शेतकरी बांधवहो, तुम्हांला ही गोष्ट जमिनीच्या हिशेबानें लवकर कळेल. १९४८ सालीं मुंबई कुळकायदा झाला, आणि त्याच्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला. त्या दिवशीं जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्यानें तिचा खरेदीदार मानला गेला. कसेल त्याची जमीन! आज कित्येक घरांत दोन घांस निवांत खाल्ले जातात ते त्या एका तारखेमुळें. पण त्याच गांवांत दुसरीं घरें आहेत. बापानें वीस वर्षें तीच जमीन कसली, पण पहाणीपत्रकाला कुळ म्हणून नांव लागलें नव्हतें; मालक म्हणाला, "लावूं कीं, घरचाच आहेस तूं," आणि तारीख निघून गेली. त्या घरांतलीं माणसें आज मजुरीला जातात. दोघांचा घाम सारखाच होता. फरक एका ओळीचा होता.

आतां शहराकडे पाहा. कसेल त्याची जमीन झाली, पण घडवील त्याचा गाळा कोणत्या कायद्यानें झाला? कोणत्याच नाहीं. शेताला तारीख मिळाली, दुकानाला मिळाली नाहीं. ज्यानें ओट्यावर बसून चाळीस वर्षें चपला शिवल्या, दागिन्यांना डाग दिले, भांड्यांना कल्हई लावली, तो त्या ओट्याचा कायद्यानें कोणीच लागत नाहीं. आमच्या शहरांतल्या पुढाऱ्यांनींहि त्या काळीं हा प्रश्न काढला नाहीं, कारण त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं स्वतःचीं घरें भाड्यानें दिलेलीं होतीं. असो.

उलट शहरांत काय झालें? पागडीची गोष्ट ऐका. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पागडी घेणें हा गुन्हा ठरविला होता. पण पागडी थांबली नाहीं, ती टेबलाखालून चालूं लागली. ज्याच्याजवळ वहींत न दिसणारा पैसा होता त्यालाच ती परवडे; कारागिराजवळ दिसणाराच पैसा पुरा पडत नाहीं, तर न दिसणारा कोठून यावा? मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि त्यानें पागडीला राजरोस मान्यता दिली. जो काल गुन्हा होता तो आज व्यवहार झाला. त्याच कायद्यांत आणखी एक दार आहे. बँका, सरकारी मालकीच्या कंपन्या, परदेशी कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक वसूल भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर भाडेनियंत्रण त्यांना लागूच नाहीं. घरमालकाच्या डोक्यानें क्षणभर विचार करा. शिंप्याला भाडेकरू म्हणून घेतला तर भाडें वर्षाला शेंकडा ४ नें वाढणार, आणि तो पावती दाखवून पिढ्यान्‌पिढ्या बसणार. कंपनीला दिलें तर भाडें मागूं तें आणि मुदत ठरवूं ती. मग शटर कोणासाठीं वर होईल? मुख्य रस्त्यावर एका सारख्या कांचा, एका सारखे दिवे आणि एका सारख्या पाट्या कां दिसूं लागल्या, याचें उत्तर गिऱ्हाइकाच्या आवडींत थोडें आणि या कलमांत फार आहे. आमच्या पोरांच्या वाट्याला येतो तो अकरा महिन्यांचा लीव्ह-लायसन्सचा कागद. अकरा महिन्यांत गिऱ्हाईक बांधावें, बाराव्या महिन्यांत तें मालकाच्या हवालीं करून निघावें, असा हा खेळ आहे.

चप्पल लाईनींत उभें राहिलें म्हणजे हें सारें एका जोडांत दिसतें. कोल्हापुरी वहाण कशी होते हें ती घालणाऱ्यांनाहि नीट माहीत नसतें. म्हशीचें कातडें बाभळीच्या सालींत आणि हिरड्यांत दिवसचे दिवस मुरवावें लागतें. मग तळ कापणें, टांच चढविणें, कान बसविणें, पट्टा ओवणें. आणि ती बारीक वेणी, जिच्यावर गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा जाते, ती बहुतकरून घरांतली बाई विणते. तिच्या बोटांना पडलेले घट्टे कोणत्याहि प्रदर्शनांत मांडलेले आम्हीं पाहिले नाहींत. काम चालतें तें सुभाषनगरांत, कापशींत, अथणींत, निपाणीकडच्या खेड्यांत. विक्री चालते ती मुख्य रस्त्यावर. मधलें अंतर सायकलवर किंवा मोटारसायकलवर जोडांचें गांठोडें बांधून कारागीर तोडतो, आणि दुकानाच्या पायरीशीं हें संभाषण होतें:

"मालक, वीस जोड आणल्याती. गेल्या खेपंचं बी ऱ्हायल्यात."

"मामा, बाजार कुठं हाय? ठेवून जावा. सोमवारी बगू."

"सोमवारी म्हणून दोन सोमवार झालं की."

"मग न्यावा परत. रेक्झिनचं येतंय निम्म्या दरांत."

मामा परत नेत नाहींत. नेऊन कोठें ठेवणार? घरीं कातड्याचें देणें उभें आहे. ते ठेवून जातात. जोड कांचेच्या कपाटांत चढतो, किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें: अस्सल कोल्हापुरी, कारागिरांकडून थेट!

२०१९ सालीं या वहाणेला भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतले बेळगांव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांचा हा हक्क. आनंद झाला, पेढे वांटले गेले. पण मानांकनाच्या कायद्यांत अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्याची नोंद होते त्यालाच तें चिन्ह लावण्याचा अधिकार आहे, हें किती घरांत पोंचलें? जून २०२५ मध्यें इटलींतल्या प्राडा कंपनीनें मिलानच्या प्रदर्शनांत असल्याच वहाणा आपल्या म्हणून मांडल्या, तेव्हां सगळीकडे गदारोळ झाला; कंपनीला मूळ कोल्हापूरचें आहे हें कबूल करावें लागलें. तो गदारोळ योग्यच होता. पण आमच्या मनांत त्या वेळीं एक गोष्ट आल्यावांचून राहिली नाहीं. मिलानच्या दुकानदारानें कारागिराचें नांव लपविलें तर आमचें रक्त उसळतें; महाद्वार रोडवरचा दुकानदार तेंच रोज करतो तर आम्ही भाव करून पिशवी उचलतों. आणि २०१५ सालीं गोवंशहत्याबंदीचा कायदा बैलापर्यंत वाढविला गेला, तेव्हां शेतकऱ्याचा म्हातारा बैल विकेनासा झाला आणि कातड्याची आवक आंखडली. एकच फटका दोन घरांत बसला. दोन्ही घरें मात्र आपापल्या जागीं वेगवेगळीं कण्हत बसलीं.

गुजरीविषयीं थोडक्यांत सांगतों. तेथें कोल्हापुरी साज, ठुशी, पुतळ्यांची माळ घडविणारे आमचे सोनार होते. आतां माडीवरच्या खोलींत पुष्कळ ठिकाणीं बंगाली कारागीर वांकून बसलेला दिसतो. त्याच्यावर राग धरणारे लोक आम्हांला भेटतात. त्यांना आम्ही सांगतों, तो जिना चढून वर आला ती खोली त्याची नाहीं, खालची पेढीहि त्याची नाहीं. तोहि आपल्यासारखाच दुसऱ्याच्या छपराखालीं राबतो, आणि छप्पर पाडलें जाईल तेव्हां त्याला तर कोणी विचारणारहि नाहीं. रागच धरावयाचा तर पत्ता नीट पाहून धरा.

आतां आमच्याच घरांतलें बोलूं. पूर्वी शेटजी-भटजी असा जोड शब्द होता आणि तो उच्चारला कीं आमचें काम झालें असें आम्हांला वाटे. आज त्या रस्त्यावर गादीवर बसलेल्यांपैकीं कितीजण बहुजन समाजाचे आहेत हें डोळे उघडून पाहा. चांगली गोष्ट आहे, बसावेंच त्यांनीं. त्यांच्या आज्यानें डोक्यावर पाटी घेऊन धंदा केला, नातू गाळ्याचा मालक झाला, यांत आम्हांला अभिमान वाटतो. पण गादीवर बसतांच कारागिराला पायरीवर उभें करण्याची जुनी रीत ते गादीबरोबरच विकत घेतात काय? जोडांचे पैसे थकविणारा, कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा, "सोमवारी या" म्हणणारा आमच्या जातीचा असला म्हणून त्याची चिठ्ठी पक्की होत नाहीं. गंगारामाला पागेंत मारणारेहि ब्राह्मणेतरच होते. व्याख्यानांत शाहू महाराजांचा जयजयकार आणि दुकानांत चांभाराला "तिकडंच थांब," असें वागणाऱ्यांचीं नांवें आम्ही आज छापीत नाहीं. त्यांना स्वतःला तीं ठाऊक आहेत.

आतां कायदा काय देतो तें नीट समजून घ्या, कारण तो तुम्हांला वाचून दाखवावयास कोणी घरीं येणार नाहीं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें शहरांतल्या जागेच्या मालकाला बाजारभाव आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम, म्हणजे सुमारें दुप्पट मिळते. त्याच कायद्यांत "बाधित कुटुंब" याची व्याख्या आहे. जागा ज्यांच्या मालकीची नाहीं अशीं कुटुंबेंहि तींत येतात. भाडेकरू येतात, आणि कारागीर हा शब्द तींत स्पष्ट लिहिलेला आहे. अट एवढी कीं, संपादनापूर्वीं तीन वर्षें तो तेथें काम करीत असला पाहिजे आणि त्याचें मुख्य पोट त्यावर असलें पाहिजे. अशा कुटुंबासाठीं दुसऱ्या परिशिष्टांत तीन पर्याय आहेत: प्रकल्पांत नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षें दरमहा निदान २,००० रुपये. शिवाय कारागिराला, लहान व्यापाऱ्याला एकवेळचें साहाय्य, निदान २५ हजार. मालकाला दुप्पट आणि घडविणाऱ्याला पंचवीस हजार! २०१३ सालीं हा आंकडा लिहितांना ज्यांचा हात कांपला नाहीं त्यांनीं गाळ्याचें एका महिन्याचें भाडें तरी विचारलें होतें काय?

तरीसुद्धां आम्ही सांगतों कीं, हा तोकडा कायदाहि सोडूं नका. कारण त्याच्या बाहेरून एक वाट आहे, तिचें नांव समजुतीची थेट खरेदी. तींत सरकार आणि मालक समोरासमोर बसतात, भाव ठरतो, खरेदीखत होतें. ओट्यावरचा माणूस त्या खतांत पक्षकारच नसतो. त्याला जें मिळेल तें मेहेरबानी म्हणून. काशीविश्वनाथाच्या देवळाभोंवतीं ३०० हून अधिक मालमत्ता घेऊन १३ डिसेंबर २०२१ रोजीं नव्या मार्गाचें उद्घाटन झालें. छायाचित्रांत स्वच्छ दगडी फरसबंदी दिसते. त्या घरांच्या पायरीवर बसून ज्यांचीं पोटें चालत होतीं तीं माणसें छायाचित्रांत नाहींत. कोल्हापुरांत असें होऊं द्यावयाचें नसेल तर मागणी एकच, आणि ती आतांच: संपादन करावयाचें तें २०१३ च्या कायद्यानें करा, आणि थेट खरेदीच करावयाची असेल तर भाडेकरू व कारागीर यांचें पुनर्वसन त्या खतांत लिहा.

रस्त्यावर बसणाऱ्या बायाबापड्यांचें, बांगड्या, हळदकुंकू, ओटीचें सामान, भाजी विकणाऱ्यांचें बळ याहून थोडें जास्त आहे, आणि त्यांनाच त्याचा पत्ता नाहीं. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो कीं, सर्वेक्षण पुरें होऊन प्रमाणपत्रें दिलीं जाईपर्यंत कोणाहि विक्रेत्याला उठवितां येत नाहीं. दुसरीकडे हलवावयाचें तर ३० दिवसांची नोटीस पाहिजे. नगर पथविक्रेता समितींत शेंकडा ४० जागा विक्रेत्यांनीं निवडून द्यावयाच्या, आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याच्या बायांच्या. याच कायद्यांत असेंहि आहे कीं, जेथें पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चाललेली आहे असा बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तेथले विक्रेते हलवूं नयेत. पन्नास वर्षें! महाद्वारापुढें ओटी विकणाऱ्या बाईची सासू, तिची सासू, त्याच दगडावर बसत होती हें सारें कोल्हापूर जाणतें. पण कोल्हापूर जाणतें आणि कागद जाणतो यांत फार अंतर आहे. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली कीं चादरीचीं चार टोकें धरून पळण्याची आम्हांला संवय झाली आहे. पळतांना कायदा आपल्या बाजूचा असूं शकतो हें सुचत नाहीं.

एकट्यानें कागद धरणें कठीण, दहा जणांनीं धरणें सोपें. आमच्या समाजाला हें अनोळखी नाहीं. १९३९ सालीं कोल्हापुरांत शेतकरी सहकारी संघ उभा राहिला, आणि भवानी मंडपाजवळ, ऐन मोक्याच्या रस्त्यावर, शेतकऱ्यांची स्वतःची इमारत झाली. १९६३ सालीं जिल्हा दूध संघ निघाला. आज एका म्हशीची मालकीण असलेल्या बाईचें दूध तिच्या नांवावर मापलें जातें आणि पैसे तिच्या नांवावर जमा होतात. २०२३ च्या नवरात्रापूर्वीं जिल्हा प्रशासनानें शेतकरी संघाची ती इमारत भाविकांच्या सोयीसाठीं ताब्यांत घेण्याचें ठरविलें, तेव्हां सभासद रस्त्यावर उतरले आणि बातमी झाली. ते उतरूं शकले, कारण इमारतीच्या कागदावर संघाचें नांव होतें आणि संघाच्या वहींत त्यांचें. चप्पल लाईनींत चांभारांच्या सोसायटीचे दहा गाळे आहेत काय? गुजरींत कारागिरांची पेढी आहे काय? सहकारी कायद्याप्रमाणें निरनिराळ्या कुटुंबांतलीं दहा माणसें संस्था काढूं शकतात. आराखड्यांत नवे गाळे बांधले जाणार असतील तर त्यांतला वाटा अशा संस्थेला, ठरलेल्या भाड्यानें, लिलावाविना मिळालाच पाहिजे. लिलाव झाला तर कोण घेईल हें मुलालाहि समजतें.

महानगरपालिकेला आमचें सांगणें आहे कीं, आराखड्याच्या हद्दींतल्या प्रत्येक दुकानाची यादी करा, आणि तींत नुसतें मालकाचें नांव न लिहितां भाडेकरूचें, माडीवर किंवा मागल्या खोलींत काम करणाऱ्या कारागिराचें, आणि पुढच्या पायरीवर बसणाऱ्या बाईचेंहि नांव लिहा. ती यादी मराठींत, ठळक अक्षरांत, महाद्वारापाशीं लावा आणि हरकतींना पुरेसा अवधि द्या.

वाचकांनीं ती यादी लागण्याची वाट पाहत बसूं नये. भाड्याच्या पावत्या, वीजबिलें, दुकान परवाना, कातडें घेतल्याच्या चिठ्ठ्या, दुकानदारानें माल घेतल्याच्या चिठ्ठ्या, पथविक्रेत्याचें ओळखपत्र, महापालिकेला भरलेल्या पैशांच्या पावत्या, कामावर बसलेले असतांनाचे जुने फोटो, जें जें तीन वर्षांपूर्वीचें आणि त्याहून जुनें असेल तें आजच संध्याकाळीं ट्रंकेंतून काढा आणि शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून त्याची तारीखवार यादी करवून घ्या. पुढच्या खेपेला दुकानांत माल टाकतांना जोडांची संख्या, दर आणि तारीख लिहून दुकानदाराची सही घ्या. सही देत नसेल तर दहा जणांनीं मिळून मागा. आणि कोणी मालक येऊन "समजुतीनें खोली खालीं कर, मागून तुझें बघूं" असें म्हणाला, तर तें "मागून" म्हणजे काय, किती आणि केव्हां, तें त्याच्याकडून मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतल्यावांचून कुलपाची किल्ली देऊं नका.